उपरण्याखालचे आकडे

मी मूळची मेहरूणची. तळ्याकाठी वाढलेली, त्यामुळे आवाज खणखणीत आणि तोंडाला आराम नाही. लग्न होऊन नरडाण्याला आले तेव्हा स्वातंत्र्य मिळून दोन-तीन वर्षं झाली होती. नवरा रेल्वेत सांधेवाला. दिवसभर गाड्यांच्या शिट्ट्या ऐकून घरी येई आणि झोपेतसुद्धा हाका मारी. आणि शेजार मिळाला तो हा असा. भिंतीपलीकडून कधी भांडण नाही, रडणं नाही, एकमेकांना हाक मारणंसुद्धा नाही. पहिले काही दिवस मला वाटलं, ते घर रिकामंच असावं.

तिथे अभिमन आबा राहत. गुरांच्या बाजारातले दलाल. उंच, जरा पोक आलेले, डोक्याला फेटा आणि खांद्यावर लाल काठाचं उपरणं. त्यांची बायको झुंबरबाई कामाला वाघ, पण बोलायला कंजूष. आणि त्यांची एकुलती मुलगी धुरपदा, लग्नाला पुष्कळ वर्षं झाल्यावर झालेली, जन्मापासून बहिरी आणि म्हणून मुकी. मी आले तेव्हा ती चार-पाच वर्षांची असेल. परकर-पोलक्यातली काळीसावळी पोर, डोळे असे की समोरचा माणूस आपसूक स्वतःचे कपडे ठीकठाक करी.

आमच्या मागच्या दारातून बाजाराचं मैदान दिसायचं. बाजाराच्या दिवशी दुपारी तिथे एक विलक्षण वेळ येई. ऊन वितळल्यासारखं पसरलेलं, धूळ खाली बसायचं विसरलेली, निंबाखाली बैल डोळे मिटून रवंथ करताहेत, आणि एवढी शेकडो माणसं असूनही मोठा आवाज कुणाचाच नाही. कारण खरा बाजार तेव्हा हातांत चाललेला असे. मी भांडी घासता घासता हात थांबवून बघत राही. आपण पाण्याच्या तळाशी बसून वरचं जग बघतो आहोत असं वाटायचं. धुरपदाला सगळं जग असंच दिसत असेल काय, हा विचार मनात यायचा, आणि मग मला तिची कीव यायची थांबली.

त्या धंद्याची रीत अशी. भाव तोंडाने बोलायचा नाही. घेणाऱ्याचा दलाल आणि देणाऱ्याचा दलाल समोरासमोर उभे राहतात, हातांवर उपरणं टाकतात आणि त्याच्याखाली एकमेकांची बोटं धरतात. एक बोट धरलं की एक, दोन धरली की दोन. पूर्ण पंजा म्हणजे पाच. पंजा धरून सोडला आणि पुन्हा एक बोट धरलं की सहा. त्या एका बोटाचे दहा समजायचे की शंभर, ते समोरचं जनावर बघून दोघांनाही कळतं. आणि हे चालू असताना एकमेकांकडे बघायचं नाही. एक जण आभाळाकडे बघतो, दुसरा बैलाच्या शेपटीकडे, जसं काही हात कुणा तिसऱ्याचेच आहेत. उपरण्याखाली काय ठरलं ते बाहेर काढणं म्हणजे धंद्यातून उठणं. अभिमन आबांचं आणखी एक होतं. त्यांनी एकदा दिलेला आकडा ते बदलत नसत. झुंबरबाई कपाळावर हात मारून सांगे, "यासना आकडा हालस नही. बैल हाली, आकडा नही."

झुंबरबाई कामाला गेली की धुरपदाला घरी एकटं ठेवता येत नसे, जवळच रुळावरून गाड्या येत असत आणि तिला त्या ऐकू येत नसत. म्हणून आबा तिला बाजारात नेत. ती त्यांच्या कमरेला चिकटून उभी राही आणि कंटाळली की उपरण्याखाली हात घालून त्यांचा हात शोधी. असंच एकदा त्यांचा सौदा संपला होता, हात अजून उपरण्याखालीच होता आणि समोर दोन वासरं उभी होती. आबांनी काही मनात न आणता तिची दोन बोटं दाबली. ती वासरांकडे बघू लागली. मग त्यांच्या बोटांकडे, म्हणजे उपरण्याकडे. मग पलीकडे एका गाडीची दोन चाकं होती तिकडे बघितलं आणि तिने उपरण्याखाली त्यांची दोन बोटं धरली. आबांना वाटलं, खेळतेय. पण तिने त्यांना ओढत गाडीपर्यंत नेलं, चाकांना हात लावला, आणि पुन्हा तीच दोन बोटं.

हे मला आबांनीच कधीतरी सांगितलं, तुटक तुटक, आणि सांगताना त्यांची नजर बोराच्या झाडावर होती. त्यानंतरचं मात्र मी डोळ्यांनी बघितलं. तो सगळा हिवाळा धुरपदा दोनच्या मागे होती. माझ्या घरात येऊन माझाच पदर माझ्या हातावर टाकी आणि दोन बोटं धरून माझ्या डोळ्यांकडे बोट दाखवी. कान. पाय. कडीचे दोन कोयंडे. पाणी भरून येताना झुंबरबाईच्या दोन घागरी. निंबावरचे दोन पोपट उडून गेले तर त्यांच्या मागे धावे, दोन जण असे निघून कसे जातात म्हणून. तिला हे जग मुद्दाम जोडीजोडीनं मांडून ठेवलं आहे असं वाटत असणार. मीसुद्धा त्या दिवसांत भाकरी थापताना दोनच थापून थांबत असे आणि नवरा तिसरी मागे तेव्हा मला त्याचाच राग येई.

तीन तिला पटेना. आबांनी तीन बोटं धरली की ती एक सोडवून घेई. शेवटी झुंबरबाईच्या चुलीने ते काम केलं. चुलीचे तीन दगड. एक काढला तर तवा कलंडला. धुरपदाने स्वतः काढून बघितला, भाकरी राखेत पडली आणि झुंबरबाईने हाताला येईल ते घेऊन तिचा पाठलाग केला. त्या रात्रीच्या जेवणाला उशीर झाला, पण तीन पटले. चार तर बैलाच्या पोटाखाली उभेच होते.

गावातल्या शाळेच्या मास्तरांकडे आबा तिला घेऊन गेले होते. मास्तर चांगला माणूस. पण त्यांच्या वर्गात गणित म्हणजे सकाळी सगळ्या पोरांनी एका सुरात म्हटलेले पाढे. ते म्हणाले, "आबा, ऐकूच येत नाही तर पाढे कसे चढायचे तोंडावर? बसू द्या मागे, पण पोर कंटाळेल." चार दिवस ती मागे बसली. पोरांची हलणारी तोंडं बघून तिने आपलंही तोंड हलवलं. पाचव्या दिवशी ती गेली नाही. गावात मग लोकांनी ठरवूनच टाकलं की पोर वेडी आहे. झुंबरबाई मला म्हणाली, "पोरले बठ्ठं समजस, वैनी. पण कोनले दावू?" एरवी महिन्यातून एकदा तरी बोलत असेल की नाही ती बाई, आणि बोलली ते हे, पोरीला सगळं समजतं पण दाखवू कुणाला. मी तिला चहा दिला, दुसरं काय देणार?

आबा मात्र शिकवत राहिले. शिकवत होते असं त्यांना वाटत नसावं. लांबच्या बाजाराला जाताना ते दारात उभं राहून उपरण्याखाली तिची बोटं धरत: इतक्या दिवसांनी येईन. ती रोज सकाळी कोनाड्यात एक चिंचोका ठेवी. आकडा भरला की दारात जाऊन बसे, आणि आबा यायचेच.

एकदा घरचं ढवळं वासरू विकलं. धुरपदा आबांना रिकाम्या खुंट्याशी घेऊन गेली, त्यांच्या हातावर उपरणं ओढलं आणि आपला हात आत घालून थांबली. म्हणजे, सांगा, इथे किती? आबांना पेच पडला. बाजारात नसलेल्या जनावराचा सौदा कोण करतो? काय धरावं ते त्यांना कळेना. थोडा वेळ थांबून त्यांनी आपला हात हळूच काढून घेतला. उपरण्याखाली तिचा एकटीचा हात राहिला. ती तशीच उभी राहिली, खुंट्याकडे बघत. मग रडली. वासरासाठी रडली असेल, पण त्या दिवसापासून रिकामी घागर दिसली, संपलेला डबा दिसला, की ती आपला हात पुढे करी आणि काढून घेई.

दुसरी गोष्ट मालगाडीची. आमच्या फलाटावर ती अनवाणी उभी राही. गाडी यायची तिला तळपायांतून आधी कळे, माझ्या नवऱ्याच्याही आधी, त्याला त्याचं फार कौतुक होतं. ती आणि आबा उपरण्याखाली हात घालून डबे मोजत. एका डब्याला एक दाब. दोन्ही हातांची बोटं संपली की आबा गोंधळत आणि हसत सुटत. एके दिवशी बोटं संपल्याबरोबर धुरपदाने झटकन उपरण्याच्या टोकाला गाठ मारली आणि पुन्हा पहिल्या बोटापासून सुरुवात केली. गाडी गेली तेव्हा टोकाला चार गाठी होत्या आणि तिने त्यांची तीन बोटं धरलेली होती. आबा ते गाठी मारलेलं उपरणं दिवसभर तसंच खांद्यावर घेऊन गावातून फिरले. कुणी विचारलं तर सांगत नव्हते. उपरण्यातलं सांगायचं नाही ना!

आणि मग ती बाजारातली गोष्ट घडली.

धुळ्याचे गनीभाई म्हणून दलाल होते. गोल, हसरे, आबांच्या अगदी उलट. दोघांची हातांची ओळख तीस वर्षांची. त्या दिवशी दोघं एका खिल्लारी जोडीचा सौदा करत होते. घेणारा आणि देणारा दोघंही भोवती उभे. धुरपदाने नेहमीसारखा आत हात घातला आणि आबांनी काय धरलं आहे ते चाचपलं. तिला ते कळलं. बापाला आणि त्या परक्या माणसाला जे कळतं तेच आपल्यालाही कळलं, याचा तिला इतका आनंद झाला की ती शेजारच्या गाडीवर चढली आणि हात उंच करून सगळ्या बाजाराला तीन बोटं दाखवली. तोंडभर हसत. नाचत.

शेवटचा आकडा उघडा पडला. देणारा बैल सोडवून चालू लागला, घेणारा शिव्या घालू लागला. आबांनी तिला गाडीवरून खाली ओढलं आणि तिच्या त्या उघड्या हातावर जोरात मारलं. मग तो हात उपरण्यात गुंडाळला आणि दाबून धरला. त्यांनी आयुष्यात तिला तेवढं एकदाच मारलं. मी मागच्या दारात उभी होते, मला तो आवाज आला नाही, पण दिसलं. गनीभाई मध्ये पडले. त्यांचा ओरडा मात्र मला स्पष्ट ऐकू आला: "मारता क्या है, अभिमनभाऊ! लडकीको गिनती आती है! अरे, गिनती आती है उसको!"

सौदा मोडला त्याचं गनीभाईंना काहीच नव्हतं. ते धुळ्याला गेले ते हेच डोक्यात घेऊन. पुढच्या बाजाराला बातमी घेऊन आले. त्यांच्या गल्लीच्या तोंडाशी लताबाई म्हणून एक बाई होत्या. त्यांनी भाड्याच्या दोन खोल्यांत बहिऱ्यामुक्या मुलांचा वर्ग चालवला होता. गनीभाईंच्या बायकोने, जमीलाने, मुलांचे सदरे शिवून दिले होते, म्हणून ओळख. लांबच्या मुलांना मागच्या खोलीत ठेवून घेत. जागा मात्र एकच उरली होती. मुलीला किती समज आहे ते बघून घेणार होत्या.

आबांना ते ऐकून काय वाटलं ते चेहऱ्यावर दिसलं नाही, पण त्या संध्याकाळी ते आमच्या ओट्यावर आले. झुंबरबाईला तेव्हा दिवस भरत आले होते. ती धुळ्याला जाऊ शकत नव्हती. त्यांनी मला विचारलं, "वैनी, तुम्ही येशात का? बाईमानूस संगे पाहिजे." मी काय, एका पायावर तयार. धुळं बघायला मिळणार होतं.

एस.टी.ने गेलो. लताबाई पन्नाशीच्या असाव्यात, किडकिडीत, आवाज मऊ. आवाजाचा उपयोग नसलेल्या मुलांत राहून माणसाचा आवाज मऊ होतो की काय कोण जाणे. अंगणात दहा-अकरा मुलं खेळत होती, एकही किंकाळी न मारता. त्यांच्या धावण्याचा तेवढा धपधप आवाज. मला आमचं बाजाराचं मैदान आठवलं.

लताबाईंनी धुरपदाला ओसरीत पाटावर बसवलं. पुढे चार चिंचोके ठेवले आणि स्वतःची चार बोटं दाखवली. मग दोन ठेवले आणि दोन बोटं दाखवली. मग तीन ठेवले आणि तिच्याकडे बघून हसल्या. आता तू.

धुरपदाने दोन्ही हात परकरात लपवले.

बाईंनी पुन्हा केलं. एक चिंचोका. एक बोट तर कुठलंही पोर दाखवेल. धुरपदाने हात आणखी घट्ट लपवले आणि मान खाली घातली. बाईंनी शेंगदाणे आणले, गूळ आणला, दुसऱ्या एका मुलीला शेजारी बसवून तिच्याकडून करून घेतलं. धुरपदा जागची हलली नाही. मी तिच्या खांद्याला ढोसलं, डोळे वटारले. "हिला येतं हो बाई," मी म्हटलं, "हिला सगळं येतं!" लताबाई माझ्याकडे बघून म्हणाल्या, "तुमचं प्रेम आहे, दिसतं. पण जागा एक आहे आणि उद्या शिरपूरचा एक मुलगा येतोय. मुलगी अजून तयार नाही. पुढच्या वर्षी बघू."

पुढच्या वर्षी जागा असेल की नाही, वर्ग असेल की नाही, बाई असतील की नाही, काय सांगावं? मला त्या बाईचा, त्या गुळाचा, सगळ्याचा संताप आला. आणि आबा नुसते उभे. निदान या वेळी तरी तोंड उघडाल, असं मी म्हणणार होते. पण त्यांच्याकडे बघितलं. ते स्वतःच्या उजव्या हाताच्या पंजाकडे बघत होते. अगदी हळू आवाजात, मला की स्वतःला कोण जाणे, म्हणाले, "तिले आकडा येस. मीच तिले आकडा दपाडाले शिकाडं. मी तिना हातवर मारं." दपाडाले, म्हणजे लपवायला.

मग त्यांनी खांद्यावरचं उपरणं काढलं. परक्या बाईचा हात ते धरणार नव्हते, ते त्यांच्या स्वभावात नव्हतं. त्यांनी लताबाईंना हात पुढे करायची खूण केली. बाई बुचकळ्यात पडल्या, पण त्यांनी हात पुढे केला. आबांनी त्यावर उपरणं टाकलं, धुरपदाचा हात परकरातून सोडवून त्याच्याखाली सरकवला, आणि दोन पावलं मागे जाऊन रीतीप्रमाणे तोंड फिरवून आभाळाकडे बघत उभे राहिले. मीही कुठे बघावं न कळून कौलांकडे बघू लागले.

पाटासमोर बाईंनी पुन्हा तीन चिंचोके मांडले. लताबाईंचा श्वास मला ऐकू आला. मग चिंचोके ठेवल्याचा टक् असा आवाज. पुन्हा टक्. बाई दुसऱ्या हाताने वाढवत होत्या, कमी करत होत्या. मी चोरून बघितलंच. धुरपदा चिंचोक्यांकडे बघतही नव्हती असं वाटावं, नजर टाकायची आणि दारातल्या तुळशीकडे बघायची. सराईत दलाल! आणि लताबाईंच्या चेहऱ्यावर कुणीतरी आतून दिवा लावला होता. सात झाले, नऊ झाले. मग त्यांनी सगळेच चिंचोके उचलून ओटीत घेतले.

धुरपदाने उपरण्याखालून हात काढून घेतला.

"अरे, घाबरली का?" बाई म्हणाल्या.

"घाबरनी नही, बाई," आबा आभाळाकडे बघतच बोलले. "काहीच नही म्हणजे हात काढी लेवाना. ते उत्तर शे."

लताबाई ओटीतले चिंचोके हातात घोळवत राहिल्या. मग म्हणाल्या, "मी हिला घेते. पण आबा, माझ्याकडे एवढी मुलं आहेत आणि फळा एक आहे. मी उपरण्याखाली शाळा चालवू शकत नाही. तिचा आकडा उघड्यावर यायला हवा. आणि तो मला काढता यायचा नाही. ज्याने आत घातला त्यानेच काढायचा. पंधरा दिवस घ्या. आणताना तिला मोकळ्या हाताने आणा."

पंधरा दिवस! मी घरी येऊन नवऱ्याला सांगितलं, हे तर चुटकीसरशी होईल. काही झालं नाही. अंगणात आबा तिच्यासमोर बसत आणि एक बोट वर करत. मुळात ते बोटच वर जाईना. छातीपर्यंत येई आणि आपोआप उपरण्याकडे वळे. सबंध आयुष्याची सवय! मोठ्या कष्टाने ते बोट वर धरत, तर धुरपदा धावत येई, त्यांचा हात खाली ओढी, त्यावर उपरणं टाकी आणि आजूबाजूला बघे, कुणी बघितलं तर नाही? बापाची अब्रू ती राखत होती. मी भिंतीवरून बघत असे. हसू की रडू ते कळत नसे. तिकडे झुंबरबाईची वेगळीच चिंता: "मन्हा बिगर ती कशी ऱ्हाई?" पंधरा दिवसांत धुरपदाचा आकडा काही उघड्यावर आला नाही. आबांनी त्यातल्या त्यात जुनं एक उपरणं तिच्या गाठोड्यात ठेवलं. ते बघून मला वाटलं, यांनी हाय खाल्ली. गेली ही जागा.

निघायचा दिवस नेमका बाजाराचा. एस.टी. बाजाराच्या मैदानाला लागूनच थांबायची. झुंबरबाईला आदल्या आठवड्यात मुलगा झाला होता, ती दारातूनच बघत उभी राहिली. धुरपदाला पोचवायला मी निघाले होते, कारण आबांच्या अंगावर त्या दिवशी दोन सौदे होते आणि शब्द दिलेला. मी तिला खिडकीपाशी बसवलं. आबा खाली उभे. निरोप नेहमीच्या रीतीने द्यायचा म्हणून त्यांनी हात वर केला, उपरणं घेतलं, आणि तेव्हा त्यांच्या लक्षात आलं की खिडकी उंच आहे. हात पोचत नव्हता. ड्रायव्हरने इंजिन चालू केलं, सगळी गाडी थरथरली, आणि तळपायांतून ते कळून धुरपदा एकदम ताठ झाली. आपल्याला आकडा न सांगता बाप मागे राहतोय, हे तिच्या तोंडावर दिसलं. किती चिंचोके ठेवायचे तेच ठाऊक नसेल तर माणूस दिवस कसे काढणार?

आबांनी एकदा बाजाराकडे बघितलं. सगळा बाजार तिथे होता. गनीभाई होते, ज्यांचे सौदे करायचे ते होते, ज्यांचे मोडले ते होते. मग त्यांनी उपरणं खांद्यावर टाकलं आणि दोन्ही हात डोक्याच्या वर उंच केले. एक पूर्ण पंजा आणि तीन बोटं. आठ. धुळ्याच्या पुढच्या बाजाराला येईन.

लोक बघत राहिले. अभिमन दलालाचा आकडा नरडाण्यात उघड्यावर कुणी कधी पाहिला नव्हता.

धुरपदा घाबरली. तिने गाठोडं उघडलं, जुनं उपरणं बाहेर ओढलं आणि खिडकीतून त्यांच्या हातांवर फेकलं. ते हातांना लागून खाली धुळीत पडलं. आबांनी ते उचललं नाही. हात तसेच वर. आठ. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसायला हात मोकळे नव्हते.

धुरपदा आपले हात परकरात लपवून त्यांच्या हातांकडे बघत राहिली. मग लोकांकडे बघितलं. कुणी ओरडत नव्हतं, कुणी मारत नव्हतं. तिचा हात हळूहळू परकरातून वर आला, खिडकीच्या गजाबाहेर गेला, आणि तिने चार बोटं दाखवली.

मला वाटलं, चुकली. आठच्या जागी चार. मी तिचा हात धरणार तेवढ्यात गनीभाईंचं हसणं कानावर आलं. "सौदा करती है! अरे, सौदा करती है बाप से!"

आबांनी मान हलवली. आठ. त्यांचा आकडा कधी हलत नसे. धुरपदाने खऱ्या गिऱ्हाइकासारखा थोडा विचार केला आणि एक बोट वाढवलं. पाच. आबा आठवर. ती पाचवर. कंडक्टरने दोरी ओढली, गाडी हलली, आणि तिने तो उघडा पंजा मागे घेतला नाही, आणखी बाहेर काढला. बापाचीच लेक ती. बाजार श्वास रोखून उभा होता. गाडीने वळण घेतलं तेव्हा मी मागे वळून बघितलं. आबांनी एक हात खाली घेतला होता. दुसरा वर होता, पाचही बोटं पसरलेला.

पाचव्या दिवशी धुळ्याला गुरांचा बाजार नव्हता. आबांचं तिथे काहीच काम नव्हतं. उपरणं खुंटीला अडकवून ते सकाळच्या गाडीने गेले आणि संध्याकाळी परत आले. आम्ही अंगणात बसलो होतो. मी विचारलं, कशी आहे पोर? त्यांनी सांगितलं की लताबाईंच्या खिडकीत चिंचोके मांडलेले होते, आणि शेवटचा एक धुरपदाच्या मुठीत होता. खिडकीत किती होते ते मात्र तोंडाने बोलले नाहीत. झुंबरबाईसमोर, माझ्यासमोर, येणाऱ्या-जाणाऱ्या सगळ्यांसमोर त्यांनी हात वर करून चार बोटं दाखवली.